‘डीजीसीएची सही दाखवा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझी थोरली बहीण, आमची आक्का, खानापूरला राहते. तिचे वय ६८, गुडघे कुरकुरणारे, आणि बेंगळुरूला असलेल्या तिच्या लेकीचे दिवस भरत आलेले. म्हणून महिनाभर आधीच मी तिचे सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानाचे तिकीट काढून ठेवले होते. निघायला चार दिवस उरले असताना तिचा फोन आला, ‘नको बाबा ते विमान. तिकीट रद्द कर. मी जातो रात्रीच्या बसनं.’ कारण विचारल्यावर तिने भजनी मंडळाच्या गटावर आलेला एक संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘तू एवढी वर्षं त्यातच होतास, मग आम्हाला हे कधी बोलला नाहीस ते?’

संदेशापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. मी सांबऱ्याच्याच प्रशिक्षण केंद्रात हवाई दलाचा एअरमन म्हणून शिकलो, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर, म्हणून नोकरी पुरी केली आणि त्यानंतर परवानाधारक अभियंता म्हणून अकरा वर्षे प्रवासी विमानांच्या लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे विमानतळावरच होणाऱ्या तपासणी-दुरुस्तीत, काढली. त्यामुळे मी घरच्यांपासून काहीतरी लपवले, असा आक्काचा समज झाला असेल तर उत्तर देणे मला भाग आहे. हाच संदेश त्यानंतरच्या दोन दिवसांत मला आणखी तिघांनी पाठवला. त्यांतले एक तर निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

संदेशाचा सारांश असा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ही नावापुरती संस्था असून तिचे अधिकारी दिल्लीबाहेर पडत नाहीत. बिघडलेली विमाने उडवण्यासाठी तिने कंपन्यांना ‘मेल’ नावाची एक गुप्त यादी दिली आहे. वैमानिकांना अठरा-अठरा तास राबवले जाते आणि त्याला कसलाही नियम नाही. बेळगाव-हुबळीसारख्या लहान गावांना शिकाऊ वैमानिक पाठवतात, म्हणून तिथे विमान उतरता उतरता पुन्हा वर जाते. असे झाले तर प्रवाशांनी उठून उभे राहावे, व्हिडिओ काढावा आणि वैमानिकाचे नाव मागावे. अपघात झाला तर चौकशी डीजीसीएच करते, म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘विमानात पाय ठेवण्याआधी त्या उड्डाणावरची डीजीसीएची सही दाखवा असे सांगा, तो तुमचा हक्क आहे.’ सोबत एका विमानाचे छायाचित्र, त्यात उजव्या बाजूचा पंखा थांबलेला आणि त्याभोवती लाल वर्तुळ.

हे सगळे चांगल्या मराठीत लिहिलेले आहे, आणि आमच्याकडे त्यानेच घात होतो. सरकारी कागद कन्नडमध्ये, विमानतळावरच्या सूचना कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत; या सगळ्यात आपल्या भाषेत, आपल्या माणसाने समजावून सांगावे तसे काही हाती आले की सीमाभागातला माणूस ते खरे मानून पुढे पाठवतो. त्या विश्वासाचा कुणीतरी फायदा घेतला आहे, याचा मला राग आहे.

क्रम मोडून मी आधी उतरता उतरता वर जाणाऱ्या विमानाचा मुद्दा घेतो, कारण बाकीचे मुद्दे अज्ञानाचे आहेत आणि हा जिवावर बेतणारा आहे.

या क्रियेला गो-अराउंड म्हणतात. धावपट्टीकडे येणारे विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या उतारावर आणि चाके, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) वगैरे योग्य स्थितीत आहे की नाही हे साधारणपणे जमिनीपासून १,००० फुटांवर, आणि आकाश मोकळे असेल तर ५०० फुटांवर, पुन्हा एकदा तपासले जाते. त्यातले काही जुळत नसेल, किंवा ठरावीक उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसत नसेल, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पूर्ण शक्ती देऊन वर जायचे, असा नियम आहे. तो वैमानिकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. आषाढ-श्रावणात सांबऱ्यावर ढग किती खाली उतरतात आणि पावसाची सर कशी आडवी येते, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. अशा दिवशी विमान एकदा वर गेले, घिरटी घालून पुन्हा आले, किंवा सरळ गोव्याकडे वळले, तर वैमानिकाने नेमके ते केले ज्यासाठी त्याला वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये घासूनपुसून तपासतात.

वर न जाण्याचा परिणाम काय होतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. २२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ मंगळुरूच्या टेकडीवरच्या धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळले. विमानात १६६ जण होते; १५८ गेले, ८ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाचा अहवाल ज्याला विमानसुरक्षेवर बोलायचे आहे त्याने एकदा तरी वाचावा. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाचे सुमारे दोन तास उपलब्ध होते आणि त्यांतला जवळजवळ १ तास ४० मिनिटांचा काळ मुख्य वैमानिक झोपेत होता, असे त्या अहवालात नोंदवले आहे. झोपेतून उठल्यानंतर त्याने विमान हवे त्यापेक्षा फार उंचावरून खाली आणले. सहवैमानिकाने एकदा नाही, तीन वेळा गो-अराउंड करायला सांगितले, यंत्रानेही वारंवार इशारे दिले, तरी मुख्य वैमानिक उतरण्यावरच अडून राहिला. ८,००० फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुमारे ५,२०० फूट ओलांडल्यावर. अपघाताचे थेट कारण म्हणून न्यायालयाने हेच दिले: अस्थिर उतरण सोडून न देणे आणि तीन वेळा सांगूनही उतरण्याचा हट्ट धरणे.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोझिकोडला असेच घडले. पावसात पहिला प्रयत्न सोडून विमान वर गेले, तिथवर सगळे ठीक होते. दुसऱ्या वेळी ते पाठीवर वारा घेऊन आले आणि जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकले. सहवैमानिकाने गो-अराउंडचा पुकारा केला होता, असे तपास अहवाल सांगतो. २१ जण दगावले.

आता संदेशाकडे पुन्हा पाहा. मंगळुरूच्या वैमानिकाने जे करायला हवे होते, ते करणाऱ्या वैमानिकाचे नाव मागा आणि व्हिडिओ काढून त्याची बदनामी करा, असे हा संदेश सांगतो. विमान कंपन्यांच्या कार्यपुस्तिकांत गो-अराउंडबद्दल वैमानिकाला दोष द्यायचा नाही असे धोरण मुद्दाम लिहिलेले असते, कारण लाजेपोटी किंवा दडपणाखाली कुणी उतरायचा हट्ट धरू नये. उलट प्रत्येक विमानातली उड्डाणाची नोंद नंतर संगणकावर तपासली जाते आणि तीत अस्थिर असूनही उतरलेला वैमानिक सापडतो. त्याला बोलावून जाब विचारतात. आणि ‘उठून उभे राहा’ म्हणणाऱ्याने हे तरी ध्यानात घ्यायचे होते की त्या क्षणी विमानाचे नाक वर असते, इंजिने पूर्ण जोरात असतात आणि पट्टा सोडून उभा राहिलेला माणूस मागच्या रांगेवर जाऊन आदळू शकतो. माझ्या आक्काच्या गुडघ्यांना उद्देशून कुणी असला सल्ला देत असेल, तर त्याच्याशी सौम्य बोलणे मला जमणार नाही.

शिकाऊ वैमानिकाच्या आरोपात एवढे खरे आहे की नवा सहवैमानिक सिम्युलेटर पूर्ण केल्यावर प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवासी उड्डाणांवरच पुढचे शिकतो. ते जगभर तसेच चालते आणि त्यासाठी बेळगाव निराळे काढलेले नाही.

आता ‘मेल’ची यादी. यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाखुशीने का होईना मान्य करतो: काही बिघाड असतानाही विमान उडू शकते. मात्र यादी गुप्त नाही. तिचे नाव किमान उपकरण सूची (इंग्रजी ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’च्या आद्याक्षरांवरून ‘मेल’), आणि ती प्रत्येक विमानात ठेवलेली असते. मूळ यादी विमान बनवणारी कंपनी करते आणि तिच्या देशातील नियामक ती मंजूर करतो. तिच्यावरून प्रत्येक विमान कंपनी आपली यादी बनवते आणि डीजीसीए ती तपासून मंजूर करते. मूळ यादीपेक्षा कडक अटी घालता येतात, सैल करता येत नाहीत. यादीत नाव नाही आणि उड्डाणयोग्यतेशी संबंध आहे, अशी प्रत्येक गोष्ट चालू असलीच पाहिजे. यादीतल्या बिघाडालाही मुदत आहे: ब वर्गाला ३ दिवस, क वर्गाला १०, ड वर्गाला १२०, आणि अ वर्गाला त्या-त्या ठिकाणी लिहिलेली. मुदत संपली की विमान जमिनीवर.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगतो. पावसाळ्यातली एक रात्र, विमानतळाचे नाव सोडून देतो. विमानाच्या दोन वातानुकूलन पॅकपैकी, म्हणजे एसीच्या संचांपैकी, एक बंद पडला. सुटा भाग तिथे नव्हता. मी पुस्तक काढले, बाब शोधली, क वर्ग, दहा दिवस, अट अशी की विमान ठरावीक उंचीच्या वर न्यायचे नाही. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, बिघाड लिहिला, कॉकपिटमधल्या त्या बटनाजवळ ‘निकामी’ची पट्टी चिकटवली, माझी सही केली आणि खाली परवाना क्रमांक लिहिला. कॅप्टन बाई आल्या. त्यांनी लॉग वाचला, वाटेतल्या हवामानाचा कागद पुढे ओढला आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिल्या. उंची कमी म्हणजे वादळी ढगांच्या वरून जाण्याची सोय नाही, वळसा घ्यायचा तर इंधन जास्त. ‘यादी परवानगी देते, मी देत नाही,’ एवढेच म्हणून त्यांनी लॉग माझ्या हातात परत दिला. विमान रात्रभर उभे राहिले. प्रवासी दीड तास माझ्यावर ओरडत होते आणि त्यांतल्या एकाने मला विचारले, ‘एवढे साधे एसी बंद आहे, चालवत का नाही?’ तोच गृहस्थ आज हा संदेश पुढे पाठवत असेल, अशी माझी खात्री आहे.

दहा दिवसांची मुदत दहाव्या संध्याकाळपर्यंत ओढणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत, आणि सुट्या भागाच्या टंचाईचे कारण सांगून मुदतवाढ मागणारेही. हे कौतुकाचे नाही. पण त्याची प्रत्येक ओळ लॉगमध्ये असते आणि नियामकाचा निरीक्षक आला की पहिल्यांदा लॉगच मागतो.

छायाचित्रातल्या थांबलेल्या पंख्याबद्दल दोन वाक्ये पुरेत. ते एटीआर ७२ हे पंख्याच्या इंजिनांचे छोटे प्रवासी विमान आहे, त्याला जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नसते, म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालू ठेवून त्याच्यावर दिवे नि एसी चालवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. लाल वर्तुळ काढणाऱ्याने विमानतळावरच्या कुठल्याही लोडरला विचारले असते तरी कळले असते.

सहीचा मुद्दा तर असा आहे की त्यावर शाई वाया घालवू नये. देशात रोज सुमारे तीन हजार देशांतर्गत उड्डाणे होतात. प्रत्येकावर सही करायला डीजीसीएने माणसे कुठून आणायची? उड्डाणाआधी सही असते ती परवानाधारक अभियंत्याची आणि कॅप्टनची. डीजीसीए त्या अभियंत्याला परवाना देते, कॅप्टनला देते, कंपनीला उड्डाणाचा परवाना देण्याआधी तिच्या कार्यपुस्तिका, प्रशिक्षण, देखभाल आणि माणसे तपासते, प्रात्यक्षिक घेते, आणि नंतर वर्षाच्या कार्यक्रमानुसार व अचानकही तपासण्या करते. कॉकपिटमध्ये मागच्या आसनावर बसून उड्डाण पाहणारे उड्डाण निरीक्षकही तिचे असतात. सापडलेल्या त्रुटी दोन पातळ्यांत मोडतात आणि पहिल्या पातळीची त्रुटी म्हणजे ताबडतोब कारवाई. जुलै २०२५ च्या अखेरीस डीजीसीएने विमान कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत २६३ त्रुटी सापडल्याचे जाहीर केले, त्यांतल्या १९ पहिल्या पातळीच्या होत्या. ही संख्या पाहून घाबरायचे की कुणीतरी पाहत आहे म्हणून हायसे वाटायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ‘कुणी तपासतच नाही’ हे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही. डीजीसीएचे अधिकारी दिल्लीबाहेर पडत नाहीत म्हणणाऱ्यांना तिचे एक कार्यालय बेंगळुरूलाही आहे, एवढे सांगून पुढे जातो.

इथे मात्र संदेशाने जे म्हणायला हवे होते ते म्हटलेले नाही, म्हणून मीच सांगतो. माणसे कमी आहेत. ऑगस्ट २०२५ मधील संसदीय स्थायी समितीच्या अहवालानुसार डीजीसीएतील मंजूर १,०६३ पदांपैकी केवळ ५५३ भरलेली होती. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताचा सुरक्षा दर्जा खाली आणला होता. तो एप्रिल २०१५ मध्ये पूर्ववत झाला. त्या वेळीही प्रशिक्षित निरीक्षकांची कमतरता हे एक दुखणे होते. दहा वर्षांनीही तेच दुखणे ठसठसत असेल तर त्यावर जरूर ओरडा. खासदाराला पत्र लिहा, आमच्या भागाच्या खासदारालाही लिहा.

वैमानिकांच्या अठरा तासांचा मुद्दा. नियम नाही, हे साफ खोटे. सलग ३६५ दिवसांत १,००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढवली आणि रात्रीच्या उतरणांची मर्यादा ६ वरून २ वर आणली. हे नियम टप्प्याटप्प्याने, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून, लागू झाले, आणि तेही वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढल्यानंतर. पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिले: डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली आणि डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. दोन वर्षे आधी माहीत असलेल्या नियमासाठी कंपनीने माणसे का घेतली नाहीत आणि नियामकाने ते आधी का पाहिले नाही, हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मंगळुरूचा अहवाल वाचलेल्या माणसाला झोपेच्या नियमात दिलेली सूट सहज पचत नाही, मलाही पचली नाही. तरीही नियम लागू करताना कचरणे आणि नियमच नसणे यांत फरक आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने तो जाणूनबुजून पुसला आहे.

राहिली चौकशी. २०१२ पासून अपघातांचा तपास विमान अपघात तपास ब्यूरोकडे आहे, डीजीसीएकडे नाही. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघाताचा प्राथमिक अहवालही त्या ब्यूरोनेच दिला. दोन्ही संस्था एकाच मंत्रालयाखाली आहेत, ही टीका जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण संदेशात ती टीका नाही, चोर आणि किल्ल्या आहेत.

हे सारे मी आक्काला फोनवर सांगितले, मंगळुरूचा भाग दोनदा. बेळगाव ते बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता रात्रीच्या अंधारात बसने पार करणे किती धोक्याचे आहे, आणि २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हेही सांगितले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘ते खरं असंल रे, पण बसमध्ये काय झालं तर उतरता तरी येतं.’ ती बसनेच गेली, दुसऱ्या दिवशी गुडघे सुजवून घेऊन पोहोचली, आणि नातीचे तोंड पाहून सगळे विसरली. परतीचे तिकीट मी सांबऱ्याचेच काढले आहे. अजून तरी तिने ते रद्द करायला सांगितलेले नाही. एवढे मात्र विचारले आहे की खिडकीतून डावा पंखा दिसेल अशी जागा मिळेल का.